काम वेगळं, म्हणून मोल कमी का?

वाचकांचे प्रश्न आणि वकीलताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात ग्रेडिंगला आहे. गावची बी संपली की आमच्याकडे आफ्रिकेची बी येते. गोणींवर बेनिन, आयव्हरी कोस्ट असं छापलेलं असतं. माझी मुलगी बारावीला आहे. तिने मोबाइलवर वाचून सांगितलं, की त्या देशांचा मिळून एक व्यापारी संघ आहे, त्यांनी बाईला पुरुषाच्या बरोबरीने वागवायचा कायदा केलाय आणि त्यांचं कोर्टसुद्धा आहे. हे खरं का? आणि खरं असलं तरी आमका त्येचो काय उपेग? आमच्याकडे बॉयलरवरच्या पुरुषांना महिन्याचा पगार आणि सुट्ट्या. सोलणाऱ्या, निवडणाऱ्या आम्हां बायकांना किलोवर पैसे. शेठ म्हणतात, काम वेगळं म्हणून दाम वेगळा. यावर काय बोलायचं तेच सुचत नाही.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : मुलीने सांगितलं ते खरं आहे, तिचं कौतुक करा. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांनी २८ मे १९७५ रोजी नायजेरियातल्या लागोस शहरात आपला आर्थिक संघ काढला. त्याला इकोवास म्हणतात. तुमच्या गोणींवरचे बेनिन आणि आयव्हरी कोस्ट दोन्ही त्यात आहेत. माली, बुर्किना फासो आणि नायजर हे तिघे जानेवारी २०२५मध्ये बाहेर पडले, आता बारा देश उरलेत. संघाचं मूळ काम जकातीचं, रस्त्यांचं, मालाच्या आणि माणसांच्या ये-जा करण्याचं. पण २०१५ साली त्यांनी स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांसाठी संघाच्या पातळीवर वेगळा कायदा केला. कोर्ट त्याच्या आधीपासूनच आहे, नायजेरियाच्या राजधानीत, अबुजाला.

या कोर्टाबद्दल मला विशेष वाटतं ते असं, की २००५पासून तिथे साध्या माणसाला थेट जाता येतं. आधी आपल्या देशातल्या सगळ्या कोर्टांचे उंबरठे झिजवा आणि मग या, अशी अट नाही. सिएरा लिओनच्या सरकारने २०१५ साली गरोदर मुलींना शाळेत यायला बंदी घातली. इबोलाच्या साथीत शाळा बंद होत्या, त्या काळात कितीतरी शाळकरी पोरी गरोदर राहिल्या होत्या, बऱ्याच जणी अत्याचारातून. शिक्षा मात्र त्यांनाच. बायकांच्या संघटनेने अबुजाला दाद मागितली. १२ डिसेंबर २०१९ रोजी कोर्टाने ही बंदी बेकायदा ठरवली आणि मार्च २०२०मध्ये सरकारने ती उठवली. त्याआधी २०१७ साली डोरोथी न्जेमान्झे या नायजेरियन अभिनेत्रीचं प्रकरण झालं. रात्री रस्त्यावर दिसली म्हणून बाईला वेश्या ठरवून गाडीत कोंबायचं, असा प्रकार अबुजात चालला होता. तिने आणि तिच्यासारख्या आणखी काही जणींनी आपल्याच सरकारला या कोर्टात खेचलं. तिचा विजय झाला. सगळे निकाल सरकारं मुकाट पाळतात असं नाही, चालढकल पुष्कळ होते. तरी दार आहे, आणि ते बाईला स्वतःच्या हाताने ठोठावता येतं.

आता उपेगाचं. त्या कायद्याचा तुम्हाला थेट उपयोग नाही. तो त्या देशांच्या सरकारांना बांधतो, गोणीबरोबर बोटीतून आपल्याकडे येत नाही. पण तुमच्या शेठनी जे वाक्य तुमच्या तोंडावर टाकलं, अगदी तेच वाक्य दुसऱ्या एका व्यापारी संघाच्या नियमामुळे मोडून पडलं आहे. ती हकिगत तुम्ही कारखान्यातल्या सगळ्या जणींना सांगावी इतकी तुमच्या कामाची आहे.

इंग्लंडात लिव्हरपूलच्या समोर बर्कनहेड म्हणून गाव आहे. तिथे जहाजं बांधायचा मोठा कारखाना होता, कॅमेल लेअर्ड. त्याच्या कॅन्टीनमध्ये ज्युली हेवर्ड नावाची स्वयंपाकीण होती. कॅन्टीनमधला स्वयंपाक आणि गोदीतली रंगाऱ्याची, सुताराची, पाइपांना उष्णतारोधक आवरण बसवणाऱ्याची कामं, यांत दिसायला काहीच साम्य नाही. ब्रिटनचा जुना कायदाही म्हणायचा, की मालकाने स्वतःहून कामांचं मूल्यमापन केलेलं नसेल, तर पुरुषाच्या आणि बाईच्या वेगवेगळ्या कामांची तुलना मागता येणार नाही. ब्रिटन तेव्हा युरोपीय समुदाय या व्यापारी संघात होता. त्या समुदायाचा १९७५चा नियम सांगत होता, की समान कामालाच नव्हे, समान मोलाच्या कामालाही समान पगार. १९८२ साली युरोपच्या कोर्टाने ब्रिटनला सांगितलं, तुमचा कायदा अपुरा आहे, बदला. त्यांनी बदलला. आणि ही स्वयंपाकीण उभी राहिली.

तिच्या दाव्यात स्वतंत्र तज्ज्ञ नेमला गेला. त्याने चारही कामं एकाच मापाने मोजली : अंगमेहनत किती, कामाची जागा कशी, डोकं चालवून निर्णय किती घ्यावे लागतात, कौशल्य काय लागतं, जबाबदारी केवढी. मोजमाप झाल्यावर स्वयंपाकाचं काम त्या तिन्ही कामांच्या तोडीचं निघालं. मग मालकांनी दुसरा मुद्दा काढला : हिला जेवणाच्या सुट्टीचे पैसे मिळतात, आजारपणाचे फायदे जास्त आहेत, सगळं मिळून हिचं काही कमी नाही. १९८८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने तेही फेटाळलं. पगार पगाराशी ताडायचा, आजारपणाचे फायदे त्या फायद्यांशी. ‘तुम्हाला चहा देतो, दिवाळीला साडी देतो’ हे ज्या कारखान्यात ऐकवलं जातं, तिथे हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता तुमच्या कामाकडे या मापाने बघा. ग्रेडिंगच्या शेडमध्ये मी बसलेली आहे. समोर गरांचा ढीग, वर ट्यूबलाइट, हात थांबत नाहीत. एका पौंडात २२० ते २४० गर बसले तर डब्ल्यू-२४०, ३०० ते ३२० बसले तर डब्ल्यू-३२०. हा फरक काट्यावर मोजून कोणी गर वेगळे करत बसत नाही, बाईची नजर आणि बोटांची चिमूट करते. त्याच झपाट्यात करपलेला वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, किडीचं भोक पडलेला वेगळा. एका डब्यात चार करपे गेले तर व्यापारी अख्खा लॉट खाली उतरवतो. म्हणजे मालाला भाव कुठला लागणार ते या पंगतीत ठरतं. कटिंगला बसणाऱ्या बायकांच्या बोटांकडे पाहिलंत तर टरफलाच्या तेलाने कातडी सोललेली, काळी पडलेली असते. तेल लावलं, राख लावली तरी तो चीक खातोच. बॉयलरचं काम सोपं आहे असं मी म्हणणार नाही. तिथे धग आहे, धोका आहे, वाफ कमीजास्त झाली तर गर फुटतो. पण कौशल्य, डोळ्यांची आणि पाठीची मेहनत, चूक झाली तर होणारं नुकसान, हे सगळं मांडल्यावर ग्रेडिंगचं काम हलकं ठरतं असं मला कोणी सिद्ध करून दाखवावं.

आपल्या कायद्याची अडचण इथेच आहे, आणि ती तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. १९७६ सालचा समान वेतन कायदा आणि त्याची जागा घेणारी २०१९ची वेतन संहिता, दोन्हींत शब्द आहेत ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम’. कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी, कामाची परिस्थितीही सारखी, तरच तुलना. समान मोलाच्या कामाला समान वेतन, हे तत्त्व सांगणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५१चा करार भारताने १९५८ सालीच मान्य केला, पण तो आपल्या कायद्यात पुरता उतरला नाही. म्हणून बॉयलरवाल्याशी तुमची तुलना कोर्टात टिकवणं आज अवघड आहे. अशक्य म्हणत नाही. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या स्त्री-लघुलेखिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सांगितलं, की किरकोळ फरकांवर बोट ठेवून कामं वेगळी ठरवू नका, कामाचा एकूण पोत बघा. आणि पैसे परवडत नाहीत हे कमी पगाराचं कारण होऊ शकत नाही, असंही सांगितलं.

तोवर हातात काय आहे? एक वही घाला. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, वजन किती झालं, दर काय लागला. किलोवर काम करणाऱ्यालाही किमान वेतनाचा कायदा लागू आहे. दिवसभर राबून किलोचे पैसे त्या दिवसाच्या किमान वेतनापेक्षा कमी भरत असतील तर तो सरळ कायदेभंग आहे, आणि त्यासाठी पुरुषाशी तुलना करायचीही गरज नाही. माझ्याकडे आलेल्या काजूच्या प्रकरणांत सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकलेले दिसले. पगाराची चिठ्ठी मागा. भविष्य निर्वाह निधी कापतात का ते विचारा. पॅकिंगला किंवा मालाच्या चढ-उताराला कुठे पुरुष आणि बायका एकच काम करत असतील आणि दर वेगळा असेल, तर तिथून सुरुवात करा, ती बाजू पक्की आहे. वही किमान तीन-चार जणींची असू द्या. मग जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे एकत्र जा. एकटीने जाऊ नका, एकटीला दुसऱ्या दिवसापासून ‘काम नाही’ म्हणतात.

*

प्रश्न : मॅडम, माझा लांज्याजवळ छोटा काजू प्रक्रिया उद्योग आहे. बी महाग, व्हिएतनामचा स्वस्त गर बाजारात, बँकेचं व्याज वेगळं. त्यात आता व्यापार करारांतही स्त्री-पुरुष समानतेची प्रकरणं घालतात असं वाचलं. व्यापाराचा करार व्यापाराचाच असावा, समाजसुधारणा वेगळी करावी, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. यात चुकीचं काय आहे?
– एक उद्योजक, लांजा

उत्तर : तुमची अडचण खोटी नाही. व्हिएतनामच्या यंत्रांवर फोडलेल्या गराने कोकणातल्या छोट्या कारखान्यांची कंबर मोडली आहे, हे मी डोळ्यांनी पाहते. पण समानता व्यापारात कोणी बाहेरून घुसवली, हे तुमचं गृहीतक इतिहासाला धरून नाही. ती व्यापाऱ्यांच्याच भीतीतून आली.

२५ मार्च १९५७ रोजी रोममध्ये सहा देशांनी युरोपीय आर्थिक समुदायाचा करार केला. त्यात ११९वं कलम आहे : समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन. हे कलम फ्रान्सने लावून धरलं. फ्रान्समध्ये समान वेतनाचा कायदा आधीच होता. सीमा खुल्या झाल्या, आणि शेजारच्या देशांतल्या कापड गिरण्यांनी बायकांना कमी पैशांत राबवून स्वस्त कापड आपल्या बाजारात ओतलं तर आपल्या गिरण्या बसतील, ही त्यांची धास्ती. बाईला न्याय मिळावा हा हेतू त्यांच्या हिशेबात कितपत होता कोण जाणे, पण हिशेब अचूक होता. जो नीट पगार देतो त्याला, न देणाऱ्याने बुडवू नये. तुमच्याच तालुक्याचा विचार करा. तुम्ही बायकांना रीतसर पगार दिलात आणि पलीकडच्याने निम्म्यात काम उरकलं, तर तुम्ही किती दिवस टिकाल? नियम सगळ्यांना सारखा असण्यात पहिला फायदा तुमचा आहे.

कलम कागदावर आलं आणि झोपलं, हेही खरं. त्याला जागं केलं ते बायकांनी. फेब्रुवारी १९६६मध्ये बेल्जियममधल्या हेर्स्टाल गावी शस्त्रांच्या कारखान्यातल्या सुमारे तीन हजार कामगार बायका संपावर गेल्या, बारा आठवडे. त्यांच्या मागणीच्या पाठीशी हेच कलम होतं. मग गाब्रिएल दफ्रेन. सबेना या बेल्जियन विमान कंपनीत ती हवाई सुंदरी होती. तेच काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा तिला पगार कमी होता, शिवाय चाळिसाव्या वर्षी बायकांनी नोकरी सोडायची, पुरुषांनी नाही, असा करारच होता. १९६८ साली तिला घरी पाठवलं. एलियान व्होगेल-पोल्स्की ही वकील तिच्या मागे उभी राहिली. ८ एप्रिल १९७६ रोजी युरोपच्या कोर्टाने निकाल दिला, की ११९वं कलम फक्त सरकारांसाठी नाही, कोणतीही कामगार बाई आपल्या मालकाविरुद्ध आपल्या देशाच्या कोर्टात त्याचा आधार घेऊ शकते. पगारातल्या फरकाची रक्कम होती १२,७१६ बेल्जियन फ्रँक. रक्कम फार मोठी नव्हती. तिच्यामुळे लाखो बायकांना दार उघडलं.

आणि तुमच्या काळजीचं उत्तरही त्याच निकालात आहे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांनी कोर्टाला सांगितलं, की मागच्या सगळ्या वर्षांची थकबाकी द्यायला लावली तर कारखाने बुडतील. कोर्टाने ते ऐकलं. ज्यांनी आधीच दावे घातले होते त्यांच्यापुरतीच मागची बाकी, बाकीच्यांना निकालापासून पुढे. धंदा चालला पाहिजे आणि बाईच्या पगारातली वजावट थांबली पाहिजे, या दोन्ही गोष्टी एका निकालात बसवता आल्या.

आपल्याकडे हवाई सुंदरी नर्गेश मिर्झा आणि एअर इंडियाचं प्रकरण १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात आलं. प्रश्न जवळजवळ दफ्रेनचाच. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारा नियम न्यायालयाने खडसावून रद्द केला, पण पस्तिसाव्या वर्षी निवृत्तीचा आणि नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याचा नियम ठेवला. आज वाचतानाही मला त्या अर्ध्या निकालाची खंत वाटते.

राहिला तुमच्या वाचनातला करार. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटनने सही केलेल्या व्यापार करारात स्त्री-पुरुष समानतेवर वेगळं प्रकरण आहे, हे बरोबर. पण त्याची भाषा सहकार्याची आहे, तुमच्या कारखान्यावर त्यातून उद्या कोणी नोटीस काढणार नाही. तुम्ही घाबरू नका. उलट निर्यातीचा विचार करत असाल तर पगाराचं रजिस्टर आजपासून नीट ठेवा. युरोपात २०२३ साली पगार उघड करण्याचा नवा नियम झाला आहे आणि तिकडचे खरेदीदार पुरवठादाराकडची कागदपत्रं दिवसेंदिवस जास्त बारकाईने बघणार, हे माझं स्वतःचं अनुमान आहे.

*

प्रश्न : मी दापोलीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘प्रादेशिक आर्थिक संघ आणि स्त्रिया’ या विषयावर मला निबंध लिहायचा आहे. भारत ज्या संघांत आहे तिथे बायकांसाठी काय आहे? आणि कोकणातलं उदाहरण घ्यायचं तर कुठलं घेऊ?
– एक विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : सार्कपासून, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांच्या संघापासून सुरुवात कर. डिसेंबर १९८५मध्ये ढाक्याला स्थापना. बायका आणि मुलांच्या वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या व्यापाराविरुद्धचा करार जानेवारी २००२मध्ये काठमांडूला झाला, ती त्यातली महत्त्वाची गोष्ट. पण सगळे निर्णय एकमतानेच घ्यायचे, दोन देशांतले वादाचे विषय काढायचे नाहीत, हे सनदेतच आहे. कोर्ट नाही. २०१४च्या काठमांडू परिषदेनंतर राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषदच झालेली नाही. बिमस्टेक हा बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा संघ १९९७चा, त्याची सनद २०२२ साली कोलंबोला झाली. तिथेही बाईला स्वतः जाऊन उभं राहता येईल अशी खिडकी नाही. अबुजाच्या कोर्टाची तुलना इथे घाल, परीक्षकाला मुद्दा लगेच कळेल.

तुझ्या निबंधासाठी मला तिसरा संघ जवळचा वाटतो : हिंद महासागर किनारी देशांचा, इंग्रजी आद्याक्षरांवरून आयोरा म्हणतात तो. मार्च १९९७चा. आपला समुद्र तो त्यांचा समुद्र. त्याचं सचिवालय मॉरिशसमध्ये आहे, जिथे रत्नागिरीकडून ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी लोकांचे वंशज आजही राहतात. समुद्रावर आधारलेली अर्थव्यवस्था आणि स्त्रियांचं आर्थिक सक्षमीकरण हे दोन विषय या संघाने सगळ्या कामांत धरायचे असं ठरवलं आहे. हे दोन्ही जिथे एकत्र येतात ती जागा तुझ्यापासून जवळच आहे.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर लिलावाला जा. बघायला पुष्कळ जण जातात, तू वही घेऊन जा. होड्यांचे मालक कोण, लिलाव पुकारतो कोण, टोपली उचलते कोण, बर्फ फोडतं कोण, सुकवायला मासळी कोण घेतं, ते लिहून काढ. मग चार-पाच कोळणींना शांतपणे विचार : परवाना किंवा बँकेचं कर्ज कुणाच्या नावावर आहे? सहकारी संस्थेच्या सभासद आहात का, सभेला बोलावतात का? १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत घर कशावर चालतं? मासळीचा भाव ठरताना तुम्हाला कोणी विचारतं का? विचारायला बाजार संपत असताना जा, आधी गेलीस तर त्यांचा धंदा मोडेल. आणि शंभर-दोनशेची मासळी घेऊनच बोलायला बस.

त्या उत्तरांवरून आयोराच्या ठरावांतला एकेक शब्द तपासता येईल. निबंध झाला की एक प्रत मला मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी वाचून कळवीन.